नापसंत खोका

पुस्तक चांगलं आहे की नाही हे ग्रंथपाल बाईंना अर्धं वाचल्यावर कळायचं, आणि ते मुलांना का द्यायचं नाही हे मिटल्या मिटल्या. या दोन्ही गोष्टींचा त्यांना अभिमान होता. पहिल्या गोष्टीचा असायला काहीच हरकत नव्हती.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, जिना चढून गेलं की खिडकीला लागून एक काचेचं कपाट होतं. हे कपाट तेरा-चौदापासून सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांचं. वरच्या फळ्यांवर कथा-कादंबऱ्या, खालच्या फळ्यांवर इतिहास. बाईंनी ते अक्षरशः भांडून मिळवलं होतं. त्याआधी या वयाच्या मुलांना वाचनालयात जागाच नव्हती. बालविभागातल्या बुटक्या खुर्च्यांवर बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे, आणि मोठ्यांच्या विभागात पाऊल टाकलं की वर्तमानपत्रामागून कुणीतरी आजोबा "शूः" करायचे. धड लहान नाही, धड मोठी नाही, अशी ही पोरं जिन्यात बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायात यायची. त्यांना जिन्यातून उठवून कपाटापाशी आणायचं हा बाईंचा ध्यास होता.

कपाट दिसायला देखणं होतं. लख्ख पुसलेल्या काचा, ओळीत उभी केलेली पुस्तकं, एकाच्याही कण्यावर सुरकुती नाही. जाणत्या माणसाला इथेच शंका यायला हवी. वाचनालयातलं पुस्तक आणि घरातली उशी, वापरात असली की चेपायचीच. पण आपला तो बाब्या! बाई रोज सकाळी कपाटासमोर उभ्या राहायच्या, काचेत स्वतःचा पदर नीट करायच्या आणि समाधानाने खाली जायच्या.

शंका आली ती कार्यवाहांना. वाचनालयाचे कार्यवाह म्हणजे जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून निवृत्त झालेला माणूस, आता सवय जाता जात नव्हती. एका दुपारी ते वर आले, कपाट उघडलं, एका इतिहासाच्या पुस्तकाच्या माथ्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट बाईंच्या नाकासमोर धरलं. बोट करडं झालं होतं.

"बाई, हे कपाट आहे की दागिन्यांचं दुकान? लोक काचेतून बघतात आणि पुढे जातात."

"मुलं वाचत नाहीत, हा काय कपाटाचा दोष?"

"मग कुणाचा?"

"मोबाइलचा," बाई म्हणाल्या. हे उत्तर त्यांच्या जिभेवर तयारच असायचं.

"बरं," कार्यवाह म्हणाले, "मोबाइलला आपण काढू शकत नाही, कपाटाला काढू शकतो. महिनाअखेरच्या बैठकीत मी विषय मांडतोय. तोवर ही पुस्तकं हलली तर ठीक, नाहीतर इथे परीक्षांची गाइडं लावू. गाइडं कशी हातोहात जातात."

कपाट गेलं म्हणजे पोरं पुन्हा जिन्यात. तशी ती अजूनही जिन्यातच बसत होती, पण ती गोष्ट बाई मनावर घेत नव्हत्या.

खरी बोंब तर घरातच होती. बाईंना पंधरा वर्षांची एक लेक होती. लहानपणी बिस्किटं, पेन्सिली, पाहुण्यांच्या कोटाची तुटलेली बटणं, जे हाती लागेल ते उशीखाली साठवायची, म्हणून बापाने तिचं नाव खार ठेवलं होतं आणि तेच चिकटलं. ही खार बारा वर्षांची होईपर्यंत रोज संध्याकाळी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची आणि आईने मोठ्याने वाचायचं. "आणखी एक पान, एकच" असं करत पुस्तकं संपायची. मग एक दिवस तिचे पाय सोफ्याबाहेर यायला लागले, आणि त्याच सुमाराला तिने "मी काय बाळ आहे का?" असं विचारलं. त्यानंतर बाईंनी कुठलंही पुस्तक नेऊन दिलं की उत्तर एकच: "ठेव तिथे, बघते." तिथे म्हणजे खिडकीच्या कट्ट्यावर. कट्ट्यावरच्या पुस्तकांची आता चांगली टेकडी झाली होती आणि टेकडीच्या माथ्यावर खार आपला कंगवा ठेवत असे. सगळ्यांच्या पोरांना पुस्तकं निवडून देणाऱ्या बाईच्या निवडीवर तिच्याच पोरीने कंगवा ठेवावा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं बाई स्वतःशी म्हणायच्या आणि कंगवा उचलून ड्रॉवरमध्ये टाकायच्या. संध्याकाळी तो पुन्हा टेकडीवर असायचा.

तर कार्यवाहांचं बोट नाकासमोर नाचून गेल्यावर बाईंनी पुस्तकवाल्या काकांना फोन केला आणि पसंतीचा खोका मागवला.

पसंतीच्या खोक्याची पद्धत जुनी होती. काका नव्या पुस्तकांचा एक मोठा खोका आणून द्यायचे. बाईंनी तो घरी न्यायचा, वाचायचा, हवी ती पुस्तकं ठेवायची आणि नको ती परत करायची. अट एवढीच की परत जाणारं पुस्तक कोरं हवं, कारण ते काकांना पुढे विकायचं असायचं. बाई जेवणाच्या टेबलाशी बसून वाचायच्या. उजव्या हाताला पसंत खोका, डाव्या हाताला नापसंत.

आणि एक सांगायला हवं, बाई कामचुकार नव्हत्या. प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या. तेही कसं? हसायच्या, टेबलावर हात आपटायच्या, "अरे मेल्या, मागे बघ, मागे!" असं पुस्तकातल्या माणसाला ओरडून सांगायच्या. रडायला लागल्या की पुस्तक हातभर लांब धरायच्या, पानावर थेंब पडू नये म्हणून. इतकं सगळं झाल्यावर पुस्तक मिटायच्या, डोळे पुसायच्या, आणि मग त्यांच्यातली ग्रंथपाल जागी व्हायची. या ग्रंथपालीणबाईंचे नियम कडक होते. मुलांना धक्का बसता कामा नये. आई किंवा बाप मरतो? नको. मुलगी घरातून पळून जाते? अजिबात नको, उद्या कुणी खरंच गेलं म्हणजे? हरलेल्या लढाईचा इतिहास नको, मुलांची उमेद खचते. जिंकलेल्या लढाईचा चालेल, पण रक्त बेताचं. जहाजं कशी बांधली जात याचा एक सुरेख इतिहास त्यांनी केवळ त्यातला सुतार शिव्या देतो म्हणून परत पाठवला होता.

प्रत्येक नकाराची साग्रसंगीत सुनावणी रात्रीच्या जेवणात व्हायची. ऐकायला नवरा असायचा. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलत "आता दिसतंय? आणि आता?" असं विचारून थकलेला तो सज्जन माणूस घरी आला की फक्त मान डोलवायचा.

"अहो, हे ऐका," या वेळी बाई म्हणाल्या. "शहराला वेढा पडलाय. इतिहास आहे हा, खरा घडलेला. पण लिहिणाऱ्याने तो सांगितलाय स्वयंपाकघरातून. धान्य संपलं, मग जनावरं संपली. तर मुख्य आचारी सेनापतीसमोर उभा राहतो आणि म्हणतो, 'साहेब, आज घोडा संपला. उद्यापासून...'" इथे बाई थांबल्या, चमचा वर धरला, "'...खोगीर!'"

आणि त्या स्वतःच इतक्या हसल्या की ठसका लागला. नवऱ्याने पाणी दिलं. पाणी पिताना त्यांना पुढचं आठवलं, आचाऱ्याने पिठाचं शेवटचं पोतं लहान मुलांसाठी लपवून ठेवलेलं असतं ते, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"काय लिहिलंय हो! असं पुस्तक दहा वर्षांत एखादं येतं."

"मग घे की कपाटात," नवरा म्हणाला.

"मुलांना? काहीतरीच काय! शेवटी शहर पडतं. नापसंत."

दीपगृहाच्या कादंबरीला तर रुमाल पुरेना, म्हणून बाईंनी टॉवेल घेतला. दीपगृह सांभाळणाऱ्या माणसाची दृष्टी जाते, नोकरी जाऊ नये म्हणून त्याची मुलगी कुणाला पत्ता लागू न देता स्वतः दिवा लावत राहते, आणि शेवटाच्या जरा आधी तो बाप मरतो. त्या रात्री मुलगी आधी चिडते, बापाच्या बुटांना लाथ मारते, आणि मग वर जाऊन दिवा लावते. बाईंनी टॉवेलात तोंड खुपसून ही हकीकत सांगितली आणि कादंबरी डाव्या हाताच्या खोक्यात टाकली.

उजव्या हाताच्या खोक्यात गेली ती पुस्तकं अशी: एका सहलीची कादंबरी, जिच्यात सगळी मुलं पाण्याच्या बाटल्या घेऊन जातात आणि वेळेवर घरी येतात. थोर माणसांच्या चांगल्या सवयींचं एक पुस्तक. आणि सगळेच राजे शहाणे होते असं सांगणारा एक रंगीत चित्रांचा इतिहास. ही वाचताना बाईंना जांभया आल्या. सहलीच्या कादंबरीवर तर डोकं टेकून त्यांचा छान डोळा लागला. पण त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. पसंत.

या सगळ्या वेळात खार टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसून मुकाट जेवत होती. "मीठ दे" याखेरीज तिने एक शब्द काढला नाही. बाईंना वाटलं, पुस्तकाचं नाव काढलं की पोरीचे कान बंद होतात.

नापसंत खोका मग पॅसेजमध्ये पडून राहिला. पसंतीतली पुस्तकं बाईंनी कपाटात मांडली, नव्या ओळी झकास दिसल्या, आणि एकही पुस्तक हललं नाही. बैठक जवळ येत चालली. बाई दिवसातून तीनदा वर जाऊन बघायच्या. पोरं जिन्यात बसलेली असायची, कपाटाकडे पाठ करून.

एक दिवस काका नापसंत खोका न्यायला वाचनालयात आले. बाईंनी तो घरून आणवून ठेवला होता. एरवी काका खोका तसाच उचलायचे, पण त्या दिवशी त्यांनी तो टेबलावर ठेवून उघडला आणि एकेक पुस्तक बाईंसमोर मांडत गेले.

"बाई, मागच्या दोन खेपांना मी बोललो नाही. म्हटलं, जाऊ दे, जुना संबंध आहे. पण हे बघा."

बाईंनी पाहिलं. पुस्तकांचे कोपरे वळलेले. एकात बसचं तिकीट. एकात बिस्किटाचा चुरा. दीपगृहाच्या कादंबरीचं एक पान ओलं होऊन वाळलेलं आणि फुगलेलं.

"नापसंत पुस्तकं तुमच्याकडे इतकी मळतात कशी हो?" काका म्हणाले. "पसंत केलेली मळली तर समजू शकतो. ही मी आता कुणाला विकू? आणि वेढ्याचं पुस्तक कुठाय? ते तर खोक्यातच नाही."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत त्यांच्याकडून पुस्तकाचं पान दुमडलं नव्हतं. "मला आठवडाभर द्या," त्या कशाबशा म्हणाल्या, "मी शोध लावते." काका गेल्यावर त्यांनी ते फुगलेलं पान उघडलं. बाप मरतो ते पान होतं. बाई स्वतः तर पुस्तक लांब धरून रडल्या होत्या. मग हे पाणी कुणाच्या डोळ्यांतलं?

घरात दुसरं मोठं माणूस एकच होतं. बाईंचं मन एकदम भरून आलं. बिचारा! दिवसभर चष्मे विकतो, मान डोलवतो, आणि आपल्या मागे चोरून कादंबरी वाचून रडतो. त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला न मागता चहा दिला, शेजारी बसल्या आणि त्याचा हात हातात घेतला.

"तुम्ही रडलात तरी मला चालेल हं," त्या हळूच म्हणाल्या.

नवऱ्याने घाबरून चहा खाली ठेवला. "का? काय झालं? कुणी आजारी आहे का?"

"दीपगृह वाचलंत ना तुम्ही?"

"मी? अगं, मी दिवसभर अक्षरांचे तक्ते वाचतो. घरी येऊन आणखी अक्षरं कोण वाचणार!"

त्याच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ अडाणीपणा होता की बाईंनी हात सोडून दिला. संशयाला दुसरं घर मिळेना. खारीचा विचार त्यांच्या मनात आला, नाही असं नाही. पण कट्ट्यावरच्या टेकडीवर कंगवा जागच्या जागी होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई जिना चढत होत्या. अर्ध्यात पोचल्या आणि वरून आवाज आला. फुटत चाललेला, मधेच किनरा होणारा मुलाचा आवाज.

"साहेब, आज घोडा संपला, उद्यापासून खोगीर."

चार-पाच जण हसले, पण जरा कमीच. मग दुसरा आवाज आला, आणि बाईंनी कठडा घट्ट धरला.

"असं नाही रे, बांबू. घाई करतोस. माझी आई सांगते ना, तेव्हा 'उद्यापासून' म्हणून थांबते. चमचा वर धरते. सगळ्यांकडे बघते. आणि मग..."

थोडा वेळ शांतता.

"...खोगीर!"

या वेळी जो हशा उठला त्याने खालच्या मजल्यावरचे आजोबा "शूः" करायला जिन्यापर्यंत आले. बाईंनी त्यांनाच बोट ओठांवर ठेवून परत पाठवलं. वाचनालयात असं पहिल्यांदाच घडलं असेल.

मग त्या वर गेल्या. पोरं शेवटच्या पायऱ्यांवर गोल करून बसली होती. बांबू नावाच्या त्या उंच मुलाने वेढ्याचं पुस्तक झटकन शर्टाखाली सारलं, त्यामुळे तो पोटाशी चौकोनी दिसायला लागला. मधोमध खार बसलेली. पळायला वाट नाही म्हटल्यावर ती उठून उभी राहिली.

"हे पुस्तक नापसंत आहे," बाई म्हणाल्या. खरं तर त्यांना काहीतरी वेगळंच म्हणायचं होतं.

"माहीत आहे. म्हणूनच घेतलं."

"म्हणजे मी नको म्हटलं की मुद्दाम तेच वाचायचं? चोरून वाचण्यात काय गंमत असते गं?"

"चोरून म्हणून नाही, आई!" खारीचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "अगं, तू स्वतः बघत नाहीस, मी रोज समोर बसून बघते. ज्या पुस्तकाला तू टॉवेल घेऊन बसतेस, ते नापसंत. ज्याच्यावर डोकं ठेवून झोपतेस, ते आमच्यासाठी. मग मी काय करणार? मी तुझं तोंड बघून पुस्तकं निवडते. आजवर एकही पुस्तक फुकट गेलं नाही."

ग्रंथपाल मात्र त्यांच्यातून सहजासहजी जाणारी नव्हती. "पण शेवटी शहर पडतं," त्या म्हणाल्या.

"पडतंच ना, बाई," बांबू पोटावरचं पुस्तक सावरत म्हणाला. "खरंच पडलं होतं. इतिहास आहे तो. आम्हाला काय, आम्ही बैठक घेऊन थोडंच ते परत उभं करणार आहोत? पण पिठाचं पोतं आचाऱ्याने दिलं ना मुलांना. ते मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं."

"आणि दीपगृह?" बाईंनी विचारलं. "त्यात तर बाप..."

कडेला बसलेल्या, दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने हात वर केला, वर्गात करतात तसा. "बाई, ते पान माझ्याकडून भिजलं. सॉरी. माझे बाबा गेले ना, तेव्हापासून सगळे मला आनंदी पुस्तकंच आणून देतात. ती मुलगी बुटांना लाथ मारते ना, ते वाचून मला खूप बरं वाटलं. मला वाटायचं, असा राग फक्त मलाच येतो."

बाई तिथेच पायरीवर बसल्या. पोरांनी सरकून जागा दिली. इतकी वर्षं आपण या पोरांना धक्क्यापासून वाचवतोय असं त्यांना वाटत होतं. धक्के त्यांना बसून चुकले होते, आणि ते सोसायला ज्यांनी हात दिला असता ती पुस्तकं आपण डाव्या हाताला टाकत आलो. बाईंना लाज वाटली. आणि लाजेच्या बरोबरीने, अगदी तिला धक्का मारून पुढे येत, एक आनंदही वर आला. पोरगी वाचत होती! नुसती वाचत नव्हती, वाचून दाखवत होती. आणि 'उद्यापासून' म्हणून थांबत होती.

"चमचा जरा उशिरा वर करायचा," बाई म्हणाल्या. "दे इकडे ते पुस्तक, बांबू. बस, घाबरू नकोस. मी दाखवते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना बोलावलं आणि टेबलावर दोन ढीग मांडले.

"ही मळकी सगळी वाचनालयाने घेतली. आणि मागच्या दोन खेपांची मळलेली तुमच्या दुकानात पडून असतील, तीही आणा. तो शिव्या देणारा सुतारसुद्धा. आणि काका, ही पसंत केलेली तेवढी परत न्या."

काकांनी सहलीची कादंबरी उलटसुलट केली. "पसंत परत आणि नापसंत ठेवून? बाई, धंद्यात केस पांढरे झाले, असं कधी पाहिलं नाही." मग त्यांचा चेहरा उजळला. "पण ही तर कोरी करकरीत आहेत हो!"

"असणारच. कुणी हात लावलेला नाही. मी लावला तो झोपेत."

पोरांना त्यांनी कपाटापाशी बोलावलं आणि मांडायला लावलं. सगळंच सरसकट आत घातलं असंही नाही. नापसंत खोक्यातली भुतांची एक कादंबरी खारीनेच बाहेर काढली. "यात लेखक आम्हाला घाबरवायला बघतो आणि दर दोन पानांनी समजावतो की घाबरू नका. आम्ही काय बाळं आहोत?" शहाण्या राजांचा इतिहास बांबूने परतीच्या ढिगात टाकला. "एवढे सगळे शहाणे होते तर लढाया कशाला झाल्या?" बाईंनी इतक्या वर्षांच्या कामात हा प्रश्न त्या पुस्तकाला विचारला नव्हता. आजही जांभया न देता वाचता आलं नसतं ते पुस्तक, हे मात्र त्यांना आता मोकळेपणाने कबूल करता आलं.

बैठकीच्या दिवशी कार्यवाह लवकर आले. मागून शिपाई गाइडांचे गठ्ठे घेऊन जिना चढत होता. कपाटासमोर येऊन कार्यवाह थबकले. काचा बोटांच्या ठशांनी बरबटल्या होत्या आणि आत चारही फळ्या जवळजवळ रिकाम्या होत्या. खालच्या फळीवर एक पुस्तक आडवं पडलं होतं.

"वा, बाई!" ते म्हणाले. "मी सांगण्याआधीच रिकामं करून ठेवलंत. याला म्हणतात समजूतदारपणा."

"मी नाही रिकामं केलं."

"मग पुस्तकं गेली कुठे?"

"घरोघरी," बाई म्हणाल्या. तो एक शब्द उच्चारताना त्यांना जे सुख झालं ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

कार्यवाहांनी आडवं पडलेलं पुस्तक उचललं. वेढा होता तो, बांबूने नुकताच परत आणून टाकलेला. कणा मोडलेला, कोपरे गोल झालेले. "काय दशा झालीय याची!" ते म्हणाले.

"बघा ना!" बाई अभिमानाने म्हणाल्या.

शोधायची सवय असलेल्या माणसाने पुस्तक उघडलं, आणि ते आपोआप तिथेच उघडलं जिथे सगळ्यांनी उघडलं होतं. ते उभ्या उभ्या वाचू लागले. जरा वेळाने त्यांचे खांदे हलले. मग त्यांनी "खोगीर!" असं स्वतःशीच म्हटलं आणि पान उलटलं. तेवढ्यात दोन वेण्यांची मुलगी येऊन समोर उभी राहिली.

"सर, माझा नंबर आहे. तुमचा माझ्यानंतर लावू का?"

कार्यवाहांनी बाईंकडे पाहिलं, शिपायाकडे पाहिलं, गाइडांच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. "लाव," ते म्हणाले. "पण लवकर वाच." शिपायाने गठ्ठे पुन्हा खाली नेले. बैठकीत कपाटाचा विषय निघाला, तो एवढ्यापुरताच की आणखी एक कपाट कुठे बसेल.

त्यानंतर काकांचा नवा खोका आला. संध्याकाळी बाई टेबलाशी वाचायला बसल्या. उजवीकडे खोका नव्हता, डावीकडेही नव्हता. समोर खार बसली होती, दोन्ही तळव्यांत हनुवटी धरून, आईच्या तोंडाकडे टक लावून.

"अगं, अशी बघू नकोस. मला वाचता येत नाही."

"तू वाच. मी माझं काम करतेय."

बाईंनी तोंड सरळ ठेवायचा निश्चय केला. म्हटलं, आज हिला काही कळूच द्यायचं नाही. पहिली काही पानं जमलं. मग एका ठिकाणी ओठाचा कोपरा हलला. पुढे नाक लाल झालं. शेवटी त्यांनी पुस्तक हातभर लांब धरलं, आणि खार खुर्ची मागे सारून उठली.

आता ही पुस्तक ओढून घेणार आणि आपल्या खोलीत नेणार, असं बाईंना वाटलं. खार बाथरूममध्ये गेली आणि टॉवेल घेऊन आली. तो तिने आईच्या खांद्यावर टाकला, तिचा हात धरून तिला सोफ्यावर नेऊन बसवलं आणि मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. पाय सोफ्याबाहेर पार टेबलापर्यंत गेले.

"मोठ्याने वाच," ती म्हणाली. "पण पहिल्यापासून."

चष्मेवाला दारात उभा राहून हे बघत होता. त्याने विचारलं, "आता दिसतंय?"

"गप्प बसा हो, एक अक्षर दिसत नाहीये," बाई म्हणाल्या, टॉवेलने डोळे पुसले आणि पहिलं पान उघडलं.